टायटर जास्त म्हणजे इम्युनिटी जास्त, असं खरंच असतं का?

प्रश्न असा आलाय की अँटीबॉडी टायटर (रक्तात अँटीबॉडी किती ते सांगणारा आकडा) जास्त आलं की इम्युनिटी जास्त असं जो तो सांगतो, मग डेंग्यूत आधीच्या अँटीबॉडी असताना दुसऱ्या वेळी त्रास उलट जास्त कसा होतो? आणि हेपॅटायटिस बी ची लस घेतल्यावर एकाचा रिपोर्ट १२ आला आणि दुसऱ्याचा हजाराच्या वर, तर १२ वाल्याने घाबरायचं का? शिवाय अँटीजेन टेस्ट कधी करायची आणि अँटीबॉडी टेस्ट कधी हेही विचारलंय. मी व्हायरॉलॉजीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं सिरमच्याच (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, अँटीबॉडी त्यातच असतात) कामात आहे, एलायझा (अँटीबॉडी चिकटते का ते बघणारी टेस्ट) आणि न्यूट्रलायझेशन (अँटीबॉडी व्हायरसला अडवते का ते बघणारी टेस्ट) हे रोजचंच, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

थोडक्यात हवं असेल तर एवढंच, की टायटर फक्त सांगतं अँटीबॉडी चिकटते. नेमकी कुठे चिकटते आणि चिकटून पुढे काय करते हे त्या आकड्यात नसतं, आणि इम्युनिटीचा बराचसा मामला तिथेच असतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. अँटीजेन म्हणजे अँटीबॉडी ज्याला चिकटते ते, अख्खा जंतू नव्हे. अँटीबॉडीला जंतू बिंतू काही कळत नाही, तिला कळतो एखाद्या प्रोटीनच्या किंवा साखरेच्या पृष्ठभागावरचा एक बारका भाग, प्रोटीन असेल तर पंधरा-वीस अमिनो ॲसिड मिळून झालेला, त्याला एपिटोप म्हणतात. एका व्हायरसवर असे ढिगाने एपिटोप असतात आणि शरीर त्यातल्या बऱ्याच जणांविरुद्ध एकदम अँटीबॉडी बनवतं, कामाचा कुठला आणि बिनकामाचा कुठला हे बी सेलला (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींना) कळायला काही मार्ग नसतो. जो एपिटोप समोर ठळक दिसतो त्याच्याविरुद्ध जास्त माल तयार होतो. आता विंचू धरायचा तर नांगी धरावी लागते, दहा जणांनी त्याचे पाय धरले म्हणून तो डंख मारायचा थांबत नाही. एलायझात मात्र पाय धरणारे आणि नांगी धरणारे सगळे एकत्रच मोजले जातात.

इतिहासातलं पहिलंच उदाहरण बघा. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की टिटॅनस किंवा डिप्थेरियाविरुद्ध तयार केलेल्या प्राण्याचं सिरम दुसऱ्या प्राण्याला दिलं तर तो वाचतो, आणि १९०१ चं वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल बेहरिंगला मिळालं ते याच सिरम थेरपीसाठी. पण ते सिरम जंतूला मारत नव्हतं, ते जंतूने सोडलेल्या विषाला पकडत होतं. टिटॅनसची लसही आजपर्यंत तशीच आहे, विषाचं निरुपद्रवी केलेलं रूप म्हणजे टॉक्सॉइड. आणि यातली भारी गोष्ट ही की टिटॅनस होऊन वाचलेल्या माणसाला इम्युनिटी येईल याची खात्री नसते, कारण ते विष इतकं जहाल आहे की जीवघेणा डोससुद्धा इम्यून सिस्टीमच्या नजरेत भरण्याएवढा नसतो, म्हणून बरं झालेल्या पेशंटलाही लस द्यावीच लागते. तेव्हा आजार होऊन गेला म्हणजे अँटीबॉडी आल्याच असतील हे गृहीत धरू नका.

आता आरएसव्हीची गोष्ट, ही मला नवीन मुलांना शिकवताना नेहमी सांगावीशी वाटते कारण अँटीजेनचा आकार का महत्त्वाचा हे यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठेच दिसत नाही. आरएसव्ही हा लहान बाळांच्या फुप्फुसावर जाणारा व्हायरस. १९६० च्या दशकात अमेरिकेत फॉर्मॅलिनने मारलेल्या व्हायरसची लस बाळांना देऊन बघितली. अँटीबॉडी आल्या, टेस्टमध्ये चांगल्या दिसल्या. पुढच्या सीझनला खरा व्हायरस आला तेव्हा लस घेतलेल्यांपैकी ज्यांना इन्फेक्शन झालं त्यातल्या ८० टक्के बाळांना हॉस्पिटलात भरती करावं लागलं आणि दोन बाळं गेली. लस न घेतलेल्या बाळांत भरती व्हायचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यानंतर कित्येक दशकं आरएसव्ही लसीच्या वाटेला जायला लोक घाबरायचे.

असं का झालं याला एकच कारण नाही, टी सेलचा (इम्यून सिस्टीमच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचा) प्रतिसाद चुकीच्या दिशेला गेला हेही आहे, अँटीबॉडी ढिल्या पकडीच्या होत्या हेही आहे, पण अँटीजेनच्या बाजूने बघाल तर गोष्ट अशी आहे. या व्हायरसवर एफ नावाचं प्रोटीन असतं, त्याच्या मदतीने तो आपल्या पेशीत घुसतो. घुसण्याआधी त्याचा एक आकार असतो, आणि घुसताना ते उलगडून लांबुळकं होतं, एकदा उलगडलं की परत मागे जात नाही. घुसण्याआधीचा आकार नाजूक, स्वतःहूनच उलगडतो, फॉर्मॅलिन लावल्यावर आणि ठेवून ठेवून तर बहुतेक सगळं उलगडलेलंच राहतं. म्हणजे त्या बाळांच्या बी सेलना दाखवलं काय तर काम संपल्यानंतरचं प्रोटीन. त्याविरुद्ध ढीगभर अँटीबॉडी झाल्या, त्या चिकटायच्याही, पण व्हायरस अडवण्यात कमी पडायच्या. २०१३ मध्ये मॅक्लेलन, ग्रॅहम आणि क्वाँग यांच्या टीमने घुसण्याआधीच्या आकाराची रचना शोधली, मग त्यात मोजके बदल करून तो आकार तसाच धरून ठेवला, आणि तेव्हा कळलं की माणसाच्या सिरममधली व्हायरस रोखणारी बहुतेक ताकद याच आकाराला चिकटणाऱ्या अँटीबॉडींची आहे. २०२३ मध्ये आरएसव्हीच्या लसी मंजूर झाल्या त्या याच थिजवलेल्या प्रोटीनवर. कोविडच्या एमआरएनए लसीतल्या स्पाइकमध्ये (व्हायरसवरच्या काट्याच्या प्रोटीनमध्ये) दोन जागी प्रोलीन हे अमिनो ॲसिड घातलेलं असतं ना, तीही हीच आयडिया, त्याच लोकांच्या कामातून आलेली.

लॅबमध्ये हे रोज भोगावं लागतं बरं का. एखादी अँटीबॉडी वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन वेगळी करून पट्ट्यांत बघायची टेस्ट) झकास पट्टा देते आणि जिवंत पेशीवर लावली की काहीच नाही, कारण ब्लॉटमध्ये प्रोटीन उकळून, एसडीएस हे डिटर्जंट लावून सरळ केलेलं असतं आणि अँटीबॉडी त्या सरळ झालेल्या साखळीला ओळखते, घडी घातलेल्या प्रोटीनमध्ये तो भाग आत दडलेला असतो. उलटही होतं. म्हणून कॅटलॉगमध्ये "या कामासाठी तपासलेली" असं काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय अँटीबॉडी मागवू नका, आणि आल्यावर ज्या पेशीत ते प्रोटीनच नाही अशा पेशीवर एकदा तपासाच, हे कंपनीच्या भरवशावर सोडायचं काम नाही.

आता डेंग्यू. डेंग्यूचे चार सिरोटाइप, म्हणजे व्हायरसचे चार उपप्रकार. एकदा एक झाला की त्याच सिरोटाइपविरुद्ध संरक्षण जवळपास आयुष्यभराचं, बाकीच्या तिघांविरुद्ध काही काळापुरतं. त्या काही काळात टायटर भरपूर असतं म्हणून तिघांनाही अडवतं. मग हळूहळू टायटर उतरतं, आणि उतरताना एका टप्प्यावर अशी अवस्था येते की दुसऱ्या सिरोटाइपच्या व्हायरसला चिकटण्याएवढ्या अँटीबॉडी असतात पण त्याला निकामी करण्याएवढ्या नसतात. अँटीबॉडीच्या शेपटीला म्हणजे एफसी भागाला पकडणारे रिसेप्टर मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींवर असतात, ते अँटीबॉडीसकट व्हायरसला आत ओढतात, आणि डेंग्यूला नेमकं याच पेशींमध्ये वाढायचं असतं. अँटीबॉडीच त्याला आत सोडते. याला अँटीबॉडी डिपेंडंट एनहान्समेंट म्हणतात, आम्ही नुसतं एडीई म्हणतो. यात त्रासदायक अँटीबॉडी बहुतेक करून एनव्हलप (बाहेरच्या आवरणावरच्या) प्रोटीनमधल्या फ्यूजन लूप या भागाला आणि पीआरएम या अर्धवट कापल्या गेलेल्या प्रोटीनला चिकटणाऱ्या असतात, चारही सिरोटाइपमध्ये हे भाग सारखे असल्याने सगळ्यांना चिकटतात आणि कुणालाच नीट अडवत नाहीत.

हे निव्वळ थिअरी वाटत असेल तर लहान बाळांकडे बघा. डेंग्यूचे संशोधक हॅल्स्टेड यांनी १९६० च्या दशकापासून हे मांडलं. आईला आधी डेंग्यू होऊन गेलेला असतो, तिच्या आयजीजी (रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटीबॉडी) नाळेतून बाळात येतात, पहिले काही महिने बाळ सुरक्षित असतं, आणि सहा ते नऊ महिन्यांच्या आसपास, त्याच अँटीबॉडी उतरत असताना, बाळाला आयुष्यातलं पहिलंच डेंग्यू इन्फेक्शन झालं तरी ते गंभीर होऊ शकतं. बाळाच्या स्वतःच्या मेमरी सेल (आधीचं इन्फेक्शन लक्षात ठेवणाऱ्या पेशी) नाहीत, आधीचं इन्फेक्शन नाही, आहेत त्या फक्त आईच्या उरलेल्या अँटीबॉडी. दुसरा पुरावा क्यूबाचा. तिथे १९७७ च्या सुमारास डेंग्यू १ येऊन गेला, १९८१ मध्ये डेंग्यू २ आला आणि तेव्हा मोठी गंभीर साथ झाली. मग १९९७ मध्ये परत डेंग्यू २ आला तेव्हा गंभीर केसेस त्या मोठ्या माणसांत दिसल्या ज्यांना वीस वर्षांपूर्वी डेंग्यू १ झाला होता. वीस वर्षांनी! इम्यून सिस्टीम काही विसरत नाही, चांगलंही नाही नि वाईटही नाही.

आणि टायटरचा थेट संबंध दाखवणारं काम निकाराग्वातल्या मुलांवरचं, २०१७ मध्ये आलेलं. तिथे मुलांचे सिरम वर्षानुवर्षं साठवलेले होते, त्यामुळे आजारी पडायच्या आधी अँटीबॉडी किती होत्या हे बघता आलं. टायटर अगदी कमी असणाऱ्यांपेक्षा १:२१ ते १:८० (सिरम इतक्या पट पातळ केलं तरी अँटीबॉडी दिसतात) या मधल्या पट्ट्यातल्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका सातपटीहून जास्त निघाला, आणि त्याच्या वर टायटर गेलं की संरक्षण. म्हणजे आलेख सरळ चढत जाणारा नाहीये, मध्ये खड्डा आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या खड्ड्यात आहे.

याच खड्ड्यात डेंगवॅक्सिया लस पडली. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना ती दिली, आठ लाखांच्या वर मुलांना, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो. आधी डेंग्यू झालेल्यांना फायदा, न झालेल्यांना लस म्हणजेच जणू पहिलं इन्फेक्शन आणि मग खरा डेंग्यू आला की तो दुसरा. तिथे लसीकरण थांबवलं गेलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि लोकांचा बाकीच्या लसींवरचाही विश्वास ढासळला. ट्रायलमध्ये न्यूट्रलायझिंग टायटर छान आले होते, हे लक्षात घ्या.

छान आले होते म्हणजे कसे, ते जवळून बघू, कारण इथे एक मेख आहे जी पुस्तकात पटकन सापडत नाही. डेंग्यूची न्यूट्रलायझेशन टेस्ट म्हणजे पीआरएनटी. सिरम ५६ डिग्रीला अर्धा तास ठेवायचं म्हणजे कॉम्प्लिमेंट (सिरममधली जंतू मारणारी प्रोटीन) मरतं, मग दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं, १:१०, १:२०, १:४० असं. प्रत्येक पातळीला ठराविक व्हायरस मिसळायचा, ३७ डिग्रीला तासभर ठेवायचं, आणि व्हेरो पेशींच्या थरावर ओतायचं. वरून घट्टसर कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचा थर, म्हणजे व्हायरस शेजारच्या शेजारीच पसरतो, लांब जात नाही. पाच-सात दिवसांनी थर काढून क्रिस्टल व्हायोलेट लावलं की जिवंत पेशी जांभळ्या दिसतात आणि व्हायरसने खाल्लेल्या जागी पांढरे ठिपके उठतात. डोळ्याने ते ठिपके मोजायचे. ज्या पातळीला ठिपके निम्मे होतात ते तुमचं टायटर. आता मेख अशी की व्हेरो पेशी या माकडाच्या किडनीच्या, त्यांच्यावर एफसी रिसेप्टर नसतात. म्हणजे ज्या दारातून एडीई होतं ते दारच या टेस्टमध्ये नाही! त्याच सिरमची तीच पातळी के५६२ पेशींवर लावा, ज्यांच्यावर एफसी रिसेप्टर असतात, आणि तिथे इन्फेक्शन कमी व्हायच्या ऐवजी कित्येक पटींनी वाढलेलं दिसू शकतं. दोन्ही निकाल खरेच, प्रश्न वेगळे. म्हणून कुणी सांगितलं की आमच्या लसीने न्यूट्रलायझिंग अँटीबॉडी येतात, तर माझा पहिला प्रश्न असतो की कुठल्या पेशीवर बघितलं.

एलायझा त्या मानाने फारच सोपी, आणि म्हणूनच लोक तिच्या आकड्यावर नको इतका विश्वास टाकतात. प्लेटच्या तळाला अँटीजेन बसवलेलं, त्यावर सिरम, धुवा, मग एन्झाइम लावलेली दुसरी अँटीबॉडी, पुन्हा धुवा, टीएमबी घातलं की निळं आणि ॲसिड टाकून थांबवलं की पिवळं, ४५० नॅनोमीटरला वाचायचं. हे पिवळेपण म्हणजे "काहीतरी चिकटलंय" एवढंच. धुण्यात हयगय झाली तर तेही खोटं. टायटरबद्दल अजून एक, दुप्पट पातळ करत जाण्याच्या टेस्टमध्ये एका वेलचा (प्लेटमधल्या एका खळग्याचा) फरक हा हाताच्या चुकीतही येतो, १:८० आणि १:१६० हे माझ्या दृष्टीने एकच, म्हणून जुनी मंडळी चौपट वाढ दाखवा म्हणतात ते उगाच नाही. आणि दोन वेगवेगळ्या किटचे आकडे तर एकमेकांशी ताडून बघूच नका, जोवर दोन्ही आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या युनिटमध्ये दिलेले नाहीत. तसे दिलेले असले तरीही जपूनच.

कधी कधी अँटीबॉडी इतकी जास्त असते की टेस्ट निगेटिव्ह येते, हेही ऐकून ठेवा. ॲग्लुटिनेशनच्या टेस्टमध्ये कण एकमेकांना जोडले जाऊन गुठळी दिसायला अँटीबॉडी आणि अँटीजेनचं प्रमाण जुळावं लागतं, अँटीबॉडी फारच झाली तर प्रत्येक कणावर वेगवेगळ्या अँटीबॉडी बसतात आणि जोड होतच नाही. प्रोझोन म्हणतात त्याला, सिफिलिसच्या आरपीआर टेस्टमध्ये आणि ब्रुसेला या बॅक्टेरियाच्या टेस्टमध्ये हे भेटतं. पेशंटची लक्षणं ओरडून सांगतायत आणि ट्यूब स्वच्छ, तर सिरम पातळ करून परत लावा.

आता १२ आणि हजारवाल्यांकडे येऊ. हेपॅटायटिस बी मध्ये शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी एचबीएस (व्हायरसच्या पृष्ठभागावरच्या अँटीजेनविरुद्धची अँटीबॉडी) १० मिली इंटरनॅशनल युनिट प्रति मिलीलिटर किंवा जास्त आलं की प्रतिसाद आला असं मानतात. त्या वेळेला मोजलेलं १२ असेल तर नियमाप्रमाणे तुम्ही पास. १० च्या अगदी जवळचा आकडा आहे, मशीनमध्ये थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून हॉस्पिटलात काम करत असाल तर डॉक्टरला विचारून एकदा परत बघायला हरकत नाही. पण लस घेऊन दहा वर्षं झालीत आणि आज १२ आलं, किंवा ४ जरी आलं, आणि सुरुवातीला प्रतिसाद नीट आलेला होता, तर तब्येतीने ठीक माणसाने घाबरायचं कारण नाही, बूस्टर घ्यायलाही सहसा सांगत नाहीत. डायलिसिसवरच्या किंवा इम्युनिटी दबलेल्या लोकांची गोष्ट वेगळी, त्यांचं नियमित मोजावं लागतं.

का घाबरायचं नाही? कारण अँटीबॉडी उतरली तरी मेमरी बी सेल राहतात, आणि इथे वेळेचा हिशोब आपल्या बाजूने आहे. मेमरी सेल जाग्या होऊन प्लाझ्मा सेल (अँटीबॉडीचे कारखाने) बनायला आणि अँटीबॉडी रक्तात भरपूर यायला काही दिवस जातात. हेपॅटायटिस बी चा व्हायरस आजार करायला दोन ते पाच महिने घेतो, तेवढ्यात मेमरी सेल आरामात काम उरकतात. फ्लू किंवा कोविडला लक्षणं यायला दोन-चार दिवस लागतात, मेमरी जागी होईपर्यंत नाक वाहायला लागलेलं असतं, मग तिचा उपयोग आजार गंभीर न होण्यापुरता, इन्फेक्शन टाळायला रक्तात आणि नाकात आधीच तयार अँटीबॉडी हव्यात. एकाच प्रकारची मेमरी, एका आजारात पूर्ण संरक्षण आणि दुसऱ्यात अर्धवट, फरक फक्त व्हायरसच्या स्पीडचा. फ्लूची लस दर वर्षी का घ्यावी लागते या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे आहे, उरलेलं निम्मं म्हणजे व्हायरस बदलतो.

आणि अँटीबॉडी किती टिकतात हेही अँटीजेनवरच. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीच माणसं वर्षानुवर्षं तपासली, त्यात गोवर आणि गालगुंडाच्या अँटीबॉडी निम्म्या व्हायला २०० वर्षांहून जास्त लागतील असा हिशोब निघाला, म्हणजे उतरतच नाहीत म्हणा, आणि टिटॅनसच्या ११ वर्षांत निम्म्या. मजा अशी की रक्तातली एक आयजीजी जेमतेम तीन आठवड्यांत निम्मी होते, तेव्हा ही टिकाऊ असते ती अँटीबॉडी नव्हे तर बोन मॅरोमध्ये ठाण मांडून बसलेल्या प्लाझ्मा सेल, त्या माल पुरवत राहतात. २००८ मध्ये तर १९१८ च्या फ्लूतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या लोकांच्या रक्तात त्या व्हायरसला अडवणाऱ्या अँटीबॉडी आणि त्या बनवणाऱ्या बी सेल सापडल्या. नव्वद वर्षं!

जागेचाही मुद्दा आहे, तो पटकन सांगतो. पोलिओच्या इंजेक्शनवाल्या लसीने रक्तात आयजीजी मस्त येतात, व्हायरस मज्जासंस्थेपर्यंत पोचत नाही, लकवा होत नाही. पण आतड्यात आयजीए (आतड्याच्या अस्तरावर काम करणाऱ्या अँटीबॉडी) फारशा येत नाहीत, म्हणून असा माणूस स्वतः ठणठणीत राहून व्हायरस पसरवू शकतो. २०१३ मध्ये इस्रायलमध्ये सांडपाण्यात पोलिओचा व्हायरस फिरताना सापडला आणि लकव्याची केस एकही नव्हती, ते यामुळेच. सिरममधलं टायटर बघून तुम्हाला आतड्याचा पत्ता लागणार नाही.

आणि अँटीबॉडी म्हणजेच इम्युनिटी असं वाटत असेल तर ज्यांच्यात अँटीबॉडी बनतच नाहीत त्यांच्याकडे बघा. ब्रूटन यांनी १९५२ मध्ये असा पहिला मुलगा नोंदवला. अशा मुलांना न्यूमोनियाचे, कानाचे बॅक्टेरिया पुन्हा पुन्हा छळतात, एन्टेरोव्हायरस तर मेंदूपर्यंत जातो, पण गोवर झाला तर बहुतेक जण नेहमीसारखे बरे होतात, कारण तिथे मुख्य काम टी सेल करतात. याच्या बरोबर उलटं एचआयव्हीत, तिथे जवळपास प्रत्येक पेशंटच्या रक्तात अँटीबॉडी खच्चून असतात, इतक्या की आपण आजार ओळखायला त्याच वापरतो, आणि तरी व्हायरस जात नाही. त्याच्या एनव्हलप प्रोटीनच्या वजनातलं निम्मं वजन साखरेचं, तीही आपल्याच पेशीने लावलेली म्हणून परकी वाटत नाही, आणि एका व्हायरसवर या प्रोटीनचे काटे अवघे चौदाच्या आसपास, इतके लांब लांब की अँटीबॉडीचे दोन हात दोन काट्यांना धरूच शकत नाहीत. काही थोड्या लोकांत काही वर्षांनी अनेक जातींना अडवणाऱ्या अँटीबॉडी येतात खऱ्या, पण त्यांच्यात म्युटेशन इतकी साठलेली असतात की बी सेल किती वेळा जर्मिनल सेंटरच्या (लिम्फ नोडमधली, बी सेल सुधारत जायची जागा) फेऱ्या मारून आली असेल याची कल्पना येते. लसीने हाच प्रवास टप्प्याटप्प्याने कसा घडवायचा यावर सध्या जोरात काम चालू आहे, मला स्वतःला आजच्या संशोधनातला हा सगळ्यात इंटरेस्टिंग भाग वाटतो.

राहिला टेस्टचा प्रश्न. साधा नियम म्हणजे अँटीजेन टेस्ट जंतूचा तुकडा शोधते, म्हणून आजाराच्या सुरुवातीला कामाची, अँटीबॉडी टेस्ट शरीराचं उत्तर शोधते, म्हणून उशिरा. डेंग्यूत ताप आल्यापासून पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस१ (डेंग्यू व्हायरसचं एक प्रोटीन) अँटीजेन, त्यानंतर आयजीएम (नव्या इन्फेक्शनमध्ये आधी येणारी अँटीबॉडी). पण दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या माणसात एनएस१ लवकर गायब होऊ शकतं, कारण आधीच्या आयजीजी त्याला पकडून बसतात, आणि आयजीएम कमी किंवा कधी कधी येतच नाही, आयजीजी मात्र झपाट्याने वर जाते. त्यामुळे ताप चालू, एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी जोरदार, असा रिपोर्ट बघून "जुना डेंग्यू आहे, सोडा" म्हणणं धोक्याचं, प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) बघा. झिका, यलो फीव्हर, जपानी एन्सेफलायटिस हे सगळे एकाच कुटुंबातले, त्यांच्या इन्फेक्शनने किंवा लसीनेही डेंग्यूची आयजीजी पॉझिटिव्ह येऊ शकते.

कोविडच्या वेळी स्पाइकचीच लस घेतलेले कित्येक जण एन (व्हायरसच्या आतल्या) प्रोटीनच्या अँटीबॉडी टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन "लस लागलीच नाही" म्हणत फिरत होते, लसीत एन नव्हतंच तर अँटीबॉडी येणार कुठून. टायफॉइडच्या विडाल टेस्टबद्दल मी फार बोलत नाही, १८९६ ची टेस्ट आहे, ओ आणि एच अँटीजेन बाकीच्या साल्मोनेलांतही असतात, एकाच सॅम्पलवरून टायफॉइड ठरवू नका, ब्लड कल्चर करा.

हेपॅटायटिस बी मध्ये तिन्ही मार्कर एकत्र वाचायचे. एचबीएसएजी म्हणजे व्हायरसचं पृष्ठभागावरचं अँटीजेन, ते असेल तर इन्फेक्शन चालू आहे. अँटी एचबीएस म्हणजे संरक्षण, लसीने किंवा बरं झाल्याने. अँटी एचबीसी ही कोअर प्रोटीनविरुद्धची, लसीत कोअर नसतं, म्हणून ही पॉझिटिव्ह असेल तर खऱ्या व्हायरसशी कधीतरी गाठ पडलेली आहे. फक्त एक सांभाळा, लस ही एचबीएसएजीचीच बनलेली असते, त्यामुळे डोस घेतल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तेच अँटीजेन रक्तात सापडून रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून रक्तदान किंवा नोकरीची मेडिकल असेल तर टेस्ट डोसच्या आधी करून घ्या किंवा महिनाभर थांबा.